ठकूआत्या आणि अर्धं राहिलेलं वाक्य

आधी पाय पांघरुणात घ्या. घेतले? मग ऐका. एक होती आत्या. हो हो, राजा नाही न् राणी नाही, आत्याच! राजाच्या गोष्टी राजाची आजी सांगेल.

तर ही ठकूआत्या जरा चक्रम होती, बरं का. एका पायात वहाण, दुसऱ्यात खडाव. भर उन्हात छत्री मिटलेली, आणि घरात शिरली की उघडायची. का? तर म्हणे, "बाहेर उघडली की उन्हाला वाईट वाटतं." उंबऱ्याला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही. लोक हसायचे. हसू देत.

तिच्या भावाची मुलगी वेणू, सात वर्षांची. या वेणूच्या तोंडातून जे निघेल ते खरं व्हायचं. मजा वाटते ना? ऐका तर. एकदा तिनं डब्यात डोकावून म्हटलं, "आई, तांदूळ संपले." झालं! साऱ्या गावातले तांदूळ संपले. मग एकदा म्हणाली, "आई, बांगडी फुटली." काडकाड काडकाड, गावातल्या सगळ्या बायकांच्या बांगड्या फुटल्या. मग काय, अख्खं गाव दारात. "आवरा त्या पोरीचं तोंड!"

आई बिचारी घाबरली. म्हणाली, "बाळ, आता तू बोलूच नकोस गं." वेणू गुणी. खरंच बोलायची थांबली. पावसाळा गेला, हिवाळा गेला, पोर गप्प. भूक लागली तरी गप्प, ठेच लागली तरी गप्प. मला तर सांगतानासुद्धा गलबलून येतं.

मग आली ठकूआत्या. उंबऱ्याला विचारलं, छत्री उघडली आणि वेणूसमोर फतकल मारून बसली.

"संपले म्हणालीस? फुटली म्हणालीस? अगं वेडाबाई, असं कुणी बोलतं का! घरात काही संपत नसतं, वाढत असतं. म्हण बघू, तांदूळ वाढले."

वेणूनं मान हलवली. नाही म्हणजे नाही. मग आत्यानं तिला अशा गुदगुल्या केल्या, अशा केल्या, की हसता हसता तोंडातून निघालंच, "तांदूळ वाढले!"

आणि काय सांगू! डबा भरला, कणगी भरली, घराघरातून तांदूळ उंबरा ओलांडून रस्त्यावर आले. मग वेणूनं भीत भीत म्हटलं, "बांगडी वाढली." बायकांचे हात कोपरापर्यंत हिरवेगार. पाटलांच्या म्हशीच्या शिंगातसुद्धा दोन निघाल्या!

मग दोघींचं असं गूळपीठ जमलं, की विचारू नका. आत्या शिकवायची, वेणू बोलायची. "आणि हे बघ, घरातून निघताना जाते म्हणायचं नाही. येते म्हणायचं."

मग एके सकाळी आत्या धुणं घेऊन नदीवर निघाली. "येते गं," म्हणाली. ती वळणाआड झाली न् शेजारच्या जनाकाकू आल्या. "वेणू, आत्या आहे का घरात?" वेणू सागरगोट्यांत रमलेली. मान वर न करता म्हणाली, "आत्या गेली."

कळलं का काय झालं? तिला म्हणायचं होतं, नदीवर गेली. पण माणूस गेलं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. वेणूच्या हातातले सागरगोटे गळाले.

मग ती पळत सुटली. नदीवर बघते तर आत्या धुण्याच्या दगडावर आडवी. हात गार. श्वास नाही. मागोमाग गाव धावलं. वेणू तोंड उघडते तोच जनाकाकू ओरडल्या, "एक अक्षर काढू नकोस! बोललीस तेवढं पुरे."

वेणूनं दोन्ही हात तोंडावर दाबले. पुन्हा गप्प बसावं? बसली असती, तर आत्या तिथंच राहिली असती, बरं का. मग तिला आठवलं, आत्या निघताना काय म्हणाली होती. आणि आपलं वाक्य तर अर्धंच राहिलंय!

तिनं हात काढले. रडत रडत म्हणाली, "आत्या गेली... होती. नदीवर गेली होती. येते म्हणून गेली होती. आता आली."

मग आत्याच्या पायाचा अंगठा हलला. मग एक डोळा उघडला. मग आत्या उठून बसली न् म्हणाली, "एवढी माणसं जमलात, धुणं पिळलं का एकानं तरी?"

वेणू तिच्या गळ्यात पडली. "आत्या, मी आता कध्धी बोल—"

"खबरदार! बोलायचं. खूप बोलायचं. फक्त वाक्य पुरं करायचं."

त्या दिवसापासून वेणूला कुणी गप्प बस म्हटलं नाही. आत्या भावाच्याच घरी राहिली, छत्रीसकट. सगळे सुखात राहिले. जनाकाकूसुद्धा.

चला, आता आपापल्या अंथरुणात पळा. काय म्हणालास? झोपायला जातो? अंहं. काय म्हणायचं?

"येतो, आजी."

हां, अस्सं. या सकाळी. मी दिवा वाढवते.