तळ्यातली तांब्याची नाणी

फार पूर्वी एका तळ्यावरून दोन गावं भांडत होती. वरचं गाव म्हणे, तळं आमचं. खालचं म्हणे, आमचं. एका उन्हाळ्यात तळं आटलं. गाळ उपसताना वरच्या गावाला मडकं सापडलं. आत मातीने माखलेली तांब्याची जुनी नाणी!

"यांवर आपल्याच गावाचं नाव असणार," पाटील म्हणाले. निवाड्याला महाराज येणार होते. पाटलांनी नाणी यमुनाबाई तांबटिणीकडे दिली. तिने उजळलेला हंडा म्हणजे आरसाच.

"सोन्यासारखी चमकली पाहिजेत हं!"

"चमकवते की!" म्हणत तिने एक नाणं चिंच-राखेने खसाखसा घासलं. नाणं लखलखलं. लोक वाहवा करू लागले. यमुनाबाईने ते उन्हात तिरपं धरून निरखलं. नाण्यावर एकही अक्षर उरलं नव्हतं.

तिने चिंच बाजूला सारली. उरलेली नाणी साध्या पाण्यातून हलकेच काढली, कोरडी केली आणि तेलात भिजत ठेवली.

पाटील संतापले. "अजून तेलातच? घास की चिंचेने!"

"पाटील, रोजचा हंडा घासावा. या नाण्यांचा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, त्यांची कातडी आहे. ती सोलली तर अक्षरंही जातील."

"मग दुसऱ्याला देतो काम."

"खुशाल द्या. आधी यावरचं नाव वाचा." तिने चकचकीत नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. पाटलांनी ते उलटसुलट केलं आणि परत तिच्या हाती देऊन निघून गेले.

माती मऊ झाली, तशी यमुनाबाईने ती बांबूच्या काडीने अलगद काढली. रंगाला धक्का लागू दिला नाही. मग प्रत्येक नाणं कोरडं पुसून वेगळ्या सुती कापडात गुंडाळलं.

महाराज आले. त्यांनी एक तपकिरी नाणं हाती घेतलं आणि मोठ्याने वाचलं. त्यावर दोन्ही गावांची नावं होती आणि खाली कोरलं होतं, 'तळे दोघांचे.'

पाटलांचा चेहरा उतरला. "यमुनाबाई, तुला हे आधी ठाऊक होतं?"

"होतं. माती निघाली तेव्हाच वाचलं. म्हणून तर नाणी जास्तच जपून आणली."

दुसऱ्या दिवशी गाळ उपसायला दोन्ही गावं उतरली.

तात्पर्य: जुन्या वस्तूवरची माती काढावी, तिचं वय खरवडू नये; चमकेच्या हव्यासात खरं तेच पुसलं जातं.