न लावलेली काव

"वाचलंस का रे?" भिवाबुवांनी पुन्हा विचारलं.

विश्वंभरचं टाळकं सटकलं. त्याने हातातला कागद बुवांपुढे धरला. पानभर लाल काव फासलेली. एवढं ढळढळीत दिसत असताना वाचलं का म्हणून काय विचारायचं?

बुवांच्या मठाची रीतच होती. दीक्षेआधी प्रत्येकाने आपल्या आयुष्यातला एक प्रसंग लिहायचा. सोबत्याने तो वाचायचा आणि उणं वाटेल तिथे काव लावायची. सोबत्याने हो म्हटल्याशिवाय दीक्षा नाही.

विश्वंभर शास्त्र्यांच्या घरातला. चुका काढण्यात त्याचा हात धरणारं मठात कुणी नव्हतं. त्याच्या वाट्याला आला होता धाकलू, नावाड्याचा पोरगा. भाऊ नदीत बुडाला, त्या दिवसाबद्दल धाकलूने लिहिलं होतं.

"नुसतं पाल्हाळ," विश्वंभर म्हणाला. "आणि मुख्य तेच गाळलंय. भाऊ बुडताना हा काय करत होता? असल्या लपवाछपवीला मी हो म्हणणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही."

"नको म्हणूस," बुवा म्हणाले. "पण त्याला विचार तरी."

धाकलूला बोलावणं गेलं. तो येऊन दाराशी उभा राहिला.

"उडी मारलीस का?" विश्वंभरने विचारलं.

"नाही."

"मग तसं लिही."

"नाही लिहिणार." धाकलूचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "दीक्षा नाही मिळाली तरी चालेल."



विश्वंभरचा प्रसंग धाकलूनेच वाचला होता. बापाशी भांडून घर सोडल्याची मोठी ठसकेबाज हकिकत होती ती. धाकलूने तिला कुठेच काव लावली नव्हती. अडाण्याला काय कळणार, असं म्हणून विश्वंभर तेव्हा हसला होता.

"तू लिहिलंस, वडील दारात उभे होते," धाकलू म्हणाला. "रडत होते का?"



"मी... मागे वळून बघितलंच नाही," विश्वंभर म्हणाला.

"वाटलंच मला. म्हणून तिथं काव नाही लावली."

विश्वंभरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी हट्टाने त्याने काडी कावेच्या वाटीत बुडवली आणि धाकलूच्या कागदावर, भाऊ बुडतो त्या ओळीपाशी धरली. हात तिथेच अडला.

बुवांनी वाटी त्याच्याकडे आणखी सरकवली.

"थांबलास का? काव अजून ओली आहे."