नव्या उताराची दवंडी

एका नदीकाठच्या गावात लखू नावाचा दवंडीवाला राहत होता. त्याचा आवाज असा खणखणीत होता, की तो पाराजवळ बोलला तर पलीकडच्या तीरावरचा गुराखीही मान वळवायचा. त्याने आजवर कधी खोटी दवंडी दिली नव्हती. कुणाची गाय हरवली, कधी बाजार भरणार, कुठल्या विहिरीचं पाणी बंद, जे असेल ते तो सांगायचा. लोक म्हणायचे, "लखूने सांगितलंय ना? मग झालं."

गावाच्या वरच्या अंगाला नदीचा उतार होता. तिथून लोक पायी नदी ओलांडायचे. हा उतार सांभाळायचं काम हैबती नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याकडे होतं. पूर ओसरला की तो लांब बांबू घेऊन पाण्यात उतरायचा, पावलापावलावर तळ चाचपायचा आणि जिथे वाळू घट्ट असेल तिथे काठ्या रोवायचा. लोक त्या काठ्यांच्या मधून जायचे. सुगीला प्रत्येक घर त्याला सुपभर धान्य द्यायचं.

एका उन्हाळ्यात पाटलाने लखूला बोलावलं. गावाच्या खालच्या अंगाला पाटलाची जमीन होती आणि तिथे त्याने नुकतीच दुकानं बांधली होती.

पाटील म्हणाला, "लखू, खालच्या बाजूनेही नदी ओलांडता येते. उद्या एवढंच सांग, की नवा उतार सुरू झालाय, ज्याला जायचं त्याने जावं."

यात खोटं काही नव्हतं. उन्हाळ्यात नदी घोट्याएवढी होती, लखू स्वतः तिथून जाऊन आला होता. त्याने दवंडी दिली.

पंधरा दिवसांनी पाटील म्हणाला, "आता सांग, सगळे नव्या उताराने जातात, बाजाराची वाट तीच जवळची."

लखू घुटमळला. "पाटील, सगळे कुठे जातात? चार-दोन माणसं जातात."

"अरे, तू सांगितलंस की जातील."

तसंच झालं. सगळे जातात म्हटल्यावर जो तो निघाला. आठवड्याभरात वरचा उतार ओस पडला. लखूला वाटलं, आपण बोललो ते खरंच ठरलं की.

मग हैबती दारोदार फिरू लागला. "बायांनो, उन्हाळ्यात कुठूनही जा, माझं काही म्हणणं नाही. पण पावसाळा झाला की खाली जाऊ नका. तिथे नदी वळते. वरून दगड आधीसारखेच दिसतील, आणि खालची वाळू गेलेली असेल."

हे पाटलाच्या कानावर गेलं. त्याने लखूला पुन्हा बोलावलं. "सांग, हैबती स्वतःच्या पोटासाठी लोकांना घाबरवतो. धान्य बंद होईल म्हणून कांगावा करतो."

हैबतीला लखू लहानपणापासून 'काका' म्हणत आला होता. तरी त्याने डफ गळ्यात अडकवला. त्या दिवशी तो हळू आवाजात म्हणाला, "पाटील म्हणतात, की हैबती पोटासाठी घाबरवतो हो…"

पाटलाने चिडून विचारलं, "'पाटील म्हणतात' कशाला जोडतोस? सरळ सांग."

दुसऱ्या दिवशी लखूने ते दोन शब्द गाळले.

तेव्हापासून तो जिथे जाईल तिथे लोक त्याच्याशी तेच बोलायचे. पाणवठ्यावर एक बाई म्हणाली, "बरं केलंस हो सांगितलंस, आम्हाला तर म्हातारा भोळाच वाटायचा." न्हावी म्हणाला, "हैबती आधीपासूनच तसला." पारावर दोघं जण त्याच्याच दवंडीतले शब्द त्यालाच सांगत होते, जणू त्याला ठाऊकच नसावेत. दहा तोंडांनी ऐकल्यावर ते शब्द पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाले होते, याचा लखूला हळूहळू विसर पडला. एवढी माणसं म्हणतायत, त्यात काहीतरी असणारच, असं त्याला वाटू लागलं.

पोरं हैबतीच्या मागे "पोटासाठी, पोटासाठी" असं ओरडत पळायची. सुपभर धान्य बंद झालं. एका दुपारी म्हातारा लखूच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"लखू, तू मला ओळखतोस. तुला खरंच असं वाटतं?"

"मला काय वाटायचंय, काका? गाव म्हणतंय."

"गाव तुझ्याकडूनच ऐकतं ना रे."

ते वर्मी लागलं, तसा लखूला राग आला. तो ताडकन म्हणाला, "तुम्हाला धान्य मिळत नाही म्हणून तुम्ही हे सगळं करताय!"

ते बोलताना त्याला जराही अडखळायला झालं नाही. हैबती परत गेला.

पावसाळा आला. दोनदा मोठा पूर येऊन गेला. आश्विन सरता सरता पाणी उतरलं. हैबतीने सवयीप्रमाणे वरच्या उताराला काठ्या रोवल्या, पण तिकडे कुणी फिरकलं नाही.

दिवाळी तोंडावर आली. लखूची एकुलती एक लेक, सगुणा, पलीकडच्या गावी दिली होती. लग्नानंतरची पहिलीच दिवाळी म्हणून ती माहेरी येणार होती. बायकोने घर सारवलं, आणि लखू सकाळपासून खालच्या उताराशी येऊन वाट बघत उभा राहिला. पाणी अजून गढूळ होतं, मांडीभर असेल असं दिसत होतं. नदीच्या मधले ओळखीचे दगड जागच्या जागी होते.

ऊन वर आलं तेव्हा पलीकडच्या तीरावर पाच-सहा माणसं आली. त्यांत सगुणा होती. डोक्यावर टोपली, अंगावर हिरवं लुगडं. बापाला बघून तिने हात हलवला.

पूर ओसरल्यापासून या उताराने जाणारी ती पहिलीच माणसं होती.

तेवढ्यात वरच्या अंगाने हैबती बांबू घेऊन धावत आला. "थांबा! उतरू नका! तिथे वाळू नाही! वरून या, वरून!"

माणसं थबकली. एकमेकांकडे बघू लागली. कुणी मागेही फिरेना, पुढेही येईना.

सगुणाने हाक मारली, "आबा! हैबतीकाका नको म्हणतायत! काय करू?"

पलीकडची सगळी माणसं लखूच्या तोंडाकडे बघत होती. त्याने छाती भरून श्वास घेतला, आणि ज्या आवाजात तो आयुष्यभर दवंडी देत आला होता त्याच आवाजात म्हणाला,

"ये गं पोरी! काही होत नाही! त्याचं ऐकू नकोस, तो पोटासाठी ओरडतो!"

सगुणा हसली. लुगडं वर खोचून तीच सगळ्यांच्या पुढे पाण्यात उतरली. बाप सांगतोय म्हटल्यावर तिला कसली भीती? तिच्यामागे बाकीची उतरली. दहा पावलं नीट पडली. अकराव्या पावलाला ती टोपलीसकट दिसेनाशी झाली.

मागची दोघं ओढली गेली, बाकीची मागे सरली. हैबतीने पाण्यात उडी घेतली, बांबू आडवा धरला आणि त्या दोघांना एकेक करून तीराला लावलं. मग तो पुन्हा आत गेला. पुन्हा गेला. लखूही कमरेएवढ्या पाण्यात शिरून हाका मारत होता. त्या हाका पार डोंगरापर्यंत जात होत्या, पण त्यांना ओ द्यायला कुणी नव्हतं.

सगुणा दुसऱ्या दिवशी सापडली, खालच्या वळणावर. तिला हैबतीनेच बाहेर आणलं.

तेराव्यानंतर लखूने डफ घेतला आणि तो गावभर फिरला. "हैबतीचं खरं होतं हो! मी बोललो ते खोटं होतं!" लोक दारात येऊन उभे राहिले. बायकांनी डोळ्याला पदर लावला. न्हावी खाली बघत म्हणाला, "खरं सांगू का लखू, मला तेव्हाही वाटायचं म्हातारा बरोबर आहे. पण सगळे जात होते, मी एकटा कसा बोलू?" पाणवठ्यावरची बाई तेच म्हणाली. पारावरचे दोघंही तेच म्हणाले. लखू ज्या ज्या दारात गेला, तिथे एक तरी माणूस असं निघालं.

पाटील म्हणाला, "मी आपलं सुचवलं होतं. बोललास तू."

संध्याकाळी लखू हैबतीच्या झोपडीपाशी गेला. म्हातारा जाळं विणत होता. लखू त्याच्या पायाशी बसला.

हैबतीने विचारलं, "तू तिला 'ये' म्हणालास, तेव्हा तुला खरंच वाटत होतं ना, की मी खोटं बोलतोय?"

लखूने मान हलवली. "हो काका. तेव्हा मला अगदी खरंच वाटत होतं."

हैबतीचे हात जाळ्यावर थांबले.

"तेच वाईट झालं रे," तो म्हणाला. "तू नुसता खोटं बोलत असतास, तर निदान आपल्या लेकीला तरी खरं सांगितलं असतंस."

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याने तोंडात दिलेले शब्द रोज बोलत राहिलं, की एके दिवशी ते आपलेच वाटू लागतात, आणि ज्याला मनातून शंका असते तोही इतरांकडे बघून गप्प राहतो. म्हणून सगळे एकच बोलत असतील तेव्हा आधी स्वतःला विचारावं, हे मी पाहिलंय, की नुसतं ऐकलंय?