पदरचे उत्तर

एकदा एक वृद्ध गुरुजी नदीकाठच्या आपल्या पाठशाळेत वाचनाची अंतिम परीक्षा घेत होते. परीक्षा दिसायला साधी, पण भल्याभल्यांना घाम फोडणारी. गुरुजी एक उतारा वाचायला देत आणि त्यात न लिहिलेली गोष्ट विचारत.

विद्यार्थ्यांमध्ये एक तरुण होता. उत्तीर्ण झाल्यावाचून गावी परतायचे नाही, अशी त्याने शपथ घेतली होती. शपथ घेताना घर किती आठवेल याचा अंदाज कुणालाच नसतो. गावी आई एकटी होती. मागच्या वर्षी तो अनुत्तीर्ण झाला आणि आईची भेट आणखी एक वर्ष लांबली. तिच्या आठवणीने त्याचा जीव तुटत असे.

यंदाचा उतारा असा होता: 'सूर्य मावळला. नावाड्याने नाव बांधली नाही. कंदिलात तेल घातले आणि तो पलीकडच्या काठाकडे पाहत बसला.' नाव का बांधली नाही, हा प्रश्न होता.

बाकीच्यांनी लिहिले, पलीकडून कुणीतरी यायचे आहे. तरुणाने लिहिले, नावाड्याचा मुलगा पुष्कळ वर्षांनी घरी येणार आहे.

गुरुजींनी ते उत्तर चूक ठरवले. मग ते स्वतः उठून आत गेले, दशम्यांची शिदोरी बांधून आणली आणि तरुणाच्या हातात दिली.

"आजच घरी जा."

"गुरुजी, मला काढून टाकता?" तरुणाने विचारले.

"नाही रे बाळा, बैस. न लिहिलेले ओळखायचे, पण ते उताऱ्यातल्याच खुणांवरून. कंदील सांगतो की रात्री नाव हाकायची आहे. मुलगा तुला कोणत्या शब्दात दिसला? तो तू पदरचा घातलास. मागच्या वर्षीच्या उताऱ्यात एक बाई वाळवण पसरून सारखी आभाळाकडे पाहत होती. सगळ्यांना पाऊस दिसला, तुला तिचा परगावी गेलेला मुलगा दिसला. तुझी दोन्ही उत्तरे चूक. पण ती शेजारी ठेवून वाचली, तेव्हा तू न लिहिलेले मला कळले. शपथ राहू दे. आईला भेटून ये, परीक्षा कुठे पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तो घरी पोचला. आई चुलीपुढे होती.

"आलास व्हय? हातपाय धू."

"आये, माझी वाट बघत होतीस?"

"मला काय दुसरी कामं न्हाईत? कवाच सोडली वाट बघायची."

तो हातपाय धुऊन जेवायला बसला. आईने ताटात भाकरी वाढली आणि पाट्यावरची लसणाची ओली चटणी वाढली. चटणी ताजी होती, तो यायच्या आधीच वाटलेली. आईला लसूण सोसत नसे, ती जन्मात कधी खात नव्हती. घरात दुसरे कुणी नव्हते, आणि तो येणार असल्याचे तिला कुणीही कळवले नव्हते.

त्याने भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावला. त्याला उत्तर मिळाले होते, आणि या वेळी त्यात त्याने पदरचे काहीच घातले नव्हते.