कानपिळीचा शॉट

“नवरीचा बाप हयात आहे ना रे?”

दस्तगीर चाचांनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

उत्कर्ष खुर्चीत ताठ झाला. अख्खा व्हिडिओ दाखवून झाला होता. तो शाबासकीची वाट बघत होता, आणि म्हातारा विचारतोय काय, तर हे!

“आहे की. माझाच बाप तो. बहीण माझी, तर बाप कुणाचा असणार?”

“दिसला नाही म्हणून विचारलं.”

“दिसलाय. नीट बघितलं नाही तुम्ही. मंडपाच्या दारात आहे, हळदीला आहे...”

“तिथं पान उलटतं.”

“मग? पान उलटायचा इफेक्ट आहे तो.”

“प्रत्येक वेळी बापावरच उलटतं.”

...

जयसिंगपूरला स्टँडच्या मागच्या गल्लीत चाचांचं ‘नगीना व्हिडिओ’. निम्म्या तालुक्याची लग्नं या माणसाने शूट केली. मंगलाष्टकं त्याला तोंडपाठ. एखाद्या भटजीने कडवं गाळलं, तर हा कॅमेऱ्यामागून खाकरायचा. गिऱ्हाईक आलं की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, कुणी विचारो न विचारो.

“माझा हात हलत नाही.”

स्वतःच्या पोरीच्या निकाहचं शूटिंगही त्यानेच केलं. पोरगी सासरी निघाली, सगळं घर रडत होतं, पण फ्रेम जागची हलली नाही. हेसुद्धा तो गिऱ्हाइकाला सांगायचा, वर सुपारी कातरत.

म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. उमेदीत एखादी गोष्ट जमते, मग जन्मभर तीच ताटात वाढून घेतात.

उत्कर्ष त्याच्याकडे शिकायला यायचा खरा, पण शिकवण काय, तर कट. एक शॉट संपला की दुसरा लाव. बस. “इफेक्ट शिकवा, ट्रान्झिशन शिकवा,” म्हटलं की चाचा म्हणायचे, “आधी शॉट संपला कधी, ते ओळखायला शीक.”

हे काय शिकवणं झालं? त्याने मोबाइलवर बघून सगळं स्वतःच शिकून घेतलं. क्यूब फिरवणं, काच फोडणं, गुलाबाच्या पाकळ्या, बदामातून निघणारा बदाम. आज तो चाचांकडे आला होता ते त्यांचं एडिटिंगचं मशीन जोरात चालतं म्हणून. आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्याचं तोंड बंद करायला.

आणि परवा तर घरी त्याचा निकाल लागणार होता.

उत्कर्षने इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं. सोडलं म्हणजे वर्गातून उठला आणि घरी आला. त्या दिवसापासून नातेवाइकांना काम मिळालं. सदाकाका, ज्यांची स्वतःची दोन दुकानं बुडाली, ते त्याला भविष्य सांगायला लागले. विलासमामा पंगतीत म्हणायचे, “नाव उत्कर्ष, आणि वाढतात काय, तर नुसते केस!” सगळे हसायचे. ज्यांना हसू आलं नव्हतं तेही हसायचे.

उत्कर्षचे वडील, अप्पा, हसायचे नाहीत. अप्पा हायस्कूलला गणित शिकवायचे. त्यांनी बोलणंच टाकलं. निरोप आईमार्फत यायचा. “त्याला विचार, जेवणार आहे का.” तो समोरच बसलेला असायचा.

मग ताईचं लग्न निघालं. शूटिंग मी करणार, म्हणून तो अडून बसला, आणि केलंही. आता परवा ताई आणि दाजी पाचपरतावण्याला पहिल्यांदा माहेरी येणार होते. आईच्या तोंडून अप्पांचा निरोप आला.

“परवा सगळ्यांसमोर टीव्हीवर लाव म्हणावं. बघू काय दिवे लावलेत. जमलं असेल तर कॉलेजचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही तर सोमवारी बॅग भरायची.”

म्हणून उत्कर्षने येत होते तेवढे सगळे इफेक्ट त्यात ओतले. कुणी म्हणायला नको, याला काही येत नाही.

...

चाचांनी व्हिडिओ मागे घेतला.

“हे कोण फुटले?”

“सदाकाका. काच फुटायचा इफेक्ट आहे.”

“काच फुटली ते कळलं. सदाकाका का फुटले?”

उत्कर्षने केस मागे सारले.

“आणि हे गरागरा फिरत गेले ते?”

“मामा.”

“बरे आहेत ना आता?”

हसू येत होतं, पण उत्कर्षने ओठ घट्ट ठेवले. हसलं की ही माणसं डोक्यावर बसतात.

चाचांनी पुढे नेलं. मांडव. मंगलाष्टकं. ताई अंतरपाटाच्या अलीकडे, दाजी पलीकडे. भटजींनी अंतरपाट बाजूला ओढला, आणि त्याच क्षणी स्क्रीनचा क्यूब झाला, गर्रकन फिरला आणि वाजंत्री दिसायला लागले.

चाचांनी थांबवलं.

“इथं भटजींनी अंतरपाट काढला.”

“हो.”

“तू परत धरलास.”

...

बाहेर स्टँडवर कंडक्टर इचलकरंजी, इचलकरंजी ओरडत होता. उत्कर्षला वाटलं, उठावं, लॅपटॉप उचलावा आणि जावं. वर्गातून उठला होता तसाच. उठायची त्याला सवय झाली होती.

“चाचा, तुम्हाला येत नाही म्हणून तुम्हाला आवडत नाही.”

हे तो तोंडावर बोलला. म्हाताऱ्यांना पाठीमागे बोलण्यात काय अर्थ आहे?

“असेल,” चाचा म्हणाले. “पुढं चल.”

कानपिळी आली. नवरीच्या भावाने नवऱ्या मुलाचा कान पिळायचा, नीट सांभाळ म्हणून बजावायचं, असा तो मानाचा विधी. उत्कर्षने दाजींच्या कानाला हात लावला, आणि लगेच वरून गुलाबाच्या पाकळ्या बदाबदा कोसळल्या. सगळं लाल. पाकळ्या हटल्या, तर पंगत बसलेली.

“इथं एवढ्या पाकळ्या?”

“शॉट खराब होता.”

“तुझा शॉट? खराब?”

“माझा नव्हे. भाऊ मी, कान मीच पिळणार. मग कॅमेरा कोण धरणार? जवळ कुणी नव्हतं...”

“कोण होतं?”

“अप्पा.”

चाचांनी अडकित्ता खाली ठेवला.

“काय सांगून दिलास?”

“काय सांगायचं? धरा म्हटलं. हलवू नका म्हटलं.”

किती महिन्यांनी तो बापाशी थेट बोलला होता, आणि बोलला होता ते एवढंच. अप्पांनी मुकाट्याने हात पुढे केले होते. जन्मभर खडू धरलेले हात. त्यांनी कॅमेरा वरातीतला नारळ धरावा तसा धरला होता.

“पाकळ्या काढ,” चाचा म्हणाले.

“चाचा, सगळा शॉट वाकडा आहे. कुणाचं डोकं कापलंय, कुणाचा हात. थरथर थरथर. टीव्हीवर लावला तर लाज जाईल.”

“कुणाची?”

...

“काढ.”

उत्कर्षने पाकळ्या काढल्या. माउसने शॉटची कड धरली आणि ओढली. कापलेलं हळूहळू परत आलं. कॉम्प्युटर काही फेकून देत नाही. नुसतं दृष्टीआड ठेवतो.

मंडपाचा खांब तिरका. दाजींचा अर्धा खांदा, कान. मग कॅमेरा सरकला. दाजी फ्रेमच्या बाहेर गेले. ताई गेली. राहिला फक्त उत्कर्ष, फेटा घसरलेला, कुणाचा तरी कान पिळतोय आणि तोंडभर हसतोय. कॅमेरा तिथेच राहिला. हलत होता, पण तिथेच.

“बघा,” उत्कर्ष म्हणाला. “नवरदेवच गायब! कानपिळीच्या शॉटमध्ये कान नाही. काय करायचं असल्या शॉटचं?”

“कोण दिसतंय?”

“कोण म्हणजे... मीच. नुसता मीच.”

“किती वेळ?”

शॉट चालूच होता.

“गाणं बंद कर,” चाचा म्हणाले.

अख्ख्या व्हिडिओवर त्याने गाणी चढवली होती. मूळ आवाज पहिल्याच झटक्यात बंद करून टाकला होता. लग्नातला आवाज म्हणजे नातेवाइकांचा आवाज, तो कोण ऐकणार?

“त्यात काही नाही, चाचा. कलकलाट आहे.”

चाचांनी हात लांब केला आणि स्वतःच आवाज उघडला.

कलकलाट. वाजंत्री. “पिळ, पिळ, जोरात!” बायकांचं हसणं. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ कुणीतरी, दाजींच्या बाजूचं, जाड आवाजाचं.

“सर, हे चिरंजीव ना? काय करतात?”

हाच प्रश्न. याच प्रश्नासाठी अप्पांनी लग्नाकार्यांना जाणं बंद केलं होतं.

स्क्रीनवर फेटा बांधलेला उत्कर्ष हसत होता. त्याला काही माहीत नव्हतं.

कॅमेऱ्यामागे नुसता श्वास. कॅमेरा जोरात थरथरला.

“शूटिंग करतो,” अप्पा म्हणाले.

मग जरा मोठ्याने, वर्गात मागच्या बाकापर्यंत जावा तसा आवाज काढून,

“हे सगळं शूटिंग त्याचंच आहे. मी आपला नुसता धरलाय.”

“असं होय! आणि शिक्षण?”

“इंजिनिअरिंग सोडलं. डोकं आहे हो, ऐकत नाही कुणाचं.” अप्पा खाकरले. “तुमचा नवरदेव बघा, कान लाल झाला त्याचा.”

जाड आवाज हसत लांब गेला. कॅमेरा मात्र उत्कर्षवरच होता. मग अप्पा पुन्हा बोलले, कुणाशी नव्हे, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं.

“हलवू नका म्हणाला... आता हात ऐकत नाही, त्याला काय करू?”

शॉट संपला.

चाचांचा अडकित्ता तसाच खाली होता.

उत्कर्षला एकदम भूक लागली. कडकडून, लहानपणी पोहून आल्यावर लागायची तशी. सकाळपासून, नव्हे, कधीपासून आपण खांदे वर ओढून बसलोय, हे त्याला आत्ता कळलं. ते आपोआप खाली आले.

“चाचा...”

“हं.”

“मी हे ऐकलंच नव्हतं.”

“गाणं चांगलं होतं ना.”

उत्कर्ष हसला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होता. म्हाताऱ्यासमोर असं व्हायला नको होतं, पण झालं.

मग त्याने माउस ओढून घेतला. अंतरपाटावरचा क्यूब काढला. ताईने मान वर केली, दाजींकडे बघितलं आणि लाजून लगेच खाली घातली. तीन दिवस तो हा व्हिडिओ जोडत होता, आणि हे त्याने आत्ता बघितलं. मंडपाच्या दारातलं पान काढलं. अप्पा पाहुण्यांना हात जोडून उभे होते, सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात. हळदीचं पान काढलं. अप्पा ताईच्या गालाला हळद लावून तसंच बोट स्वतःच्या सदऱ्याला पुसत होते. वेंधळा माणूस!

मामांचा क्यूब काढला. सदाकाकांच्या काचेवर हात गेला, तेव्हा चाचा म्हणाले, “राहू दे.”

“का?”

“परवा येणार ना ते बघायला?”

“न येऊन सांगतात कुणाला!”

“मग फुटू दे. त्यांनाही वाटायला पाहिजे, आपण होतो.”

तेवढ्यात आईचा फोन आला.

“अरे, दीड वाजला. अप्पा विचारतायत, तू जेवायला...”

“फोन त्यांच्याकडे दे.”

“कुणाकडे?”

“अप्पांकडे दे, आई.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज. कुजबुज. फोन या हातातून त्या हातात गेला.

“हॅलो,” अप्पा म्हणाले. हजेरी घेतल्यासारखं.

“येतोय मी. थांबा जेवायला.”

...

“बरं,” अप्पा म्हणाले. आणि घाईघाईने, कुणी ऐकेल म्हणून की काय, “आमटी गरम करायला सांगतो.”

फोन ठेवून उत्कर्षने नवा व्हिडिओ मशीनवरून लॅपटॉपवर घेतला आणि लॅपटॉप पिशवीत घातला. आता परवाची भीती राहिली नव्हती. सगळ्यांनी बघू दे. वाकडा खांब, कापलेलं डोकं, अर्धा कान, सगळं बघू दे. ते थरथरणारं सगळ्यांसमोर लागलं की अप्पा कुठे बघतील, एवढंच त्याला बघायचं होतं.

दारात त्याने चपला घातल्या. मागे वळून बघितलं, तर चाचांनी तो शॉट पुन्हा मशीनवर लावला होता. एकटेच बघत होते. आवाज उघडा होता.

“चाचा, खरं सांगा. अप्पांच्या जागी तुम्ही असता, तर हा शॉट कसा घेतला असता?”

“सरळ,” चाचा म्हणाले. “नवरदेव मधोमध. कान स्पष्ट.”

स्क्रीनवर तिरका खांब थरथरत होता.

“एवढं हललंच नसतं ना? पोरीच्या निकाहात हललं नाही, तसं?”

चाचांनी अडकित्ता उचलला. सुपारी त्यात धरली. कातरली नाही.

“माझा हात हलत नाही.”