बाईत सरांचं वाक्य

"...पण मला सांगा सर, तुमच्या शब्दाहून मोठा पुरावा कुठला?"

डॉ. उल्हास कोळवणकरांनी हा प्रश्न चपला काढता काढताच विचारला. तालुक्याच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख. पण शाळेत त्यांना शिकवलेल्या बाईत सरांच्या या पडवीत पाऊल टाकलं की त्यांचा नुसता उल्हास होई. आज मात्र उल्हासच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

सर झोपाळ्यावर बसून मोबाइलवर काहीतरी वाचत होते. नजर अधू झाल्यापासून अक्षरं जांभळाएवढी मोठी करून वाचायची त्यांना सवय. त्यांनी मोबाइल उपडा ठेवला.

"काय झालं?"

झालं होतं ते असं. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात, जिथे कुणीही फुकट लिहितं आणि कुणीही दुसऱ्याचं दुरुस्त करतं, उल्हास आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी पावसाळाभर खपून कोकणातल्या फुलांवर लेख लिहिले होते. कातळदिवलीचा लेख त्याने स्वतः लिहिला. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या पठारावरच्या, कातळाच्या भेगांत उगवणारं हे इवलंसं फूल. त्याची बी मुंग्या उचलून नेतात आणि तीच पुढे रुजते, हे सरांनी वर्षानुवर्षं सड्यावर पालथं पडून पाहिलं होतं. वर्गात शिकवलंही होतं. छापलं मात्र कुठेच नव्हतं. उल्हासने ते सरांच्या नावासकट लेखात घातलं. गुरुदक्षिणाच ती.

आणि कुणीतरी ते वाक्य काढून टाकलं.

"'शेवटचा बाक' असं नाव लावून फिरतो म्हणे! खरं नाव सांगायची छाती नाही. आणि कारण काय देतो? 'वाचणाऱ्याने हे पडताळायचं कसं?' अरे, बाईत सरांचा शब्द आहे तो! मी परत घातलं. याने परत काढलं."

"मग?"

"मग काय! मुलांना सांगितलं, बंद करा सगळं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि वर कुणा उपटसुंभाचं ऐकून घ्यायचं?" त्याचा आवाज एकदम उतरला. "सर, तुम्हाला आता मुंगी दिसत नाही. हा शोध तुमच्या नावावर, तुमच्या देखत लागायला हवा होता. एवढंच माझं म्हणणं."

झोपाळ्याची कडी कुरकुरत राहिली...

"त्या लेखात आणखी एक गोष्ट राहिलीय," ते म्हणाले. "कातळदिवलीच्या पानामागे बारीक लव असते. मुंग्या तिला धरून वर चढतात."

उल्हासने लगेच मोबाइल काढला. पुटपुटत टिपून घेतलं. पानामागे... बारीक लव...

"लिहिलंस?"

"शब्दन् शब्द."

"आता पायरीजवळच्या कुंडीत बघ."

तो उतरला. फुटक्या कुंडीत कातळदिवली फुलली होती. उकिडवं बसून त्याने पान उलटलं, अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

गुळगुळीत.

आणि हे त्याला ठाऊक होतं! डॉक्टरेटच्या वेळी याच पानाचे शेकडो काप त्याने काढले होते. सरांच्या तोंडून शब्द पडायचा अवकाश, इतक्या वर्षांचं सगळं तो विसरून गेला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर... लव नाहीये."

"नाहीच."

"मग तुम्ही..."

"मग तू लिहिलंस कसं?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"आणि मुंग्यांचं?"

'वाचणाऱ्याने हे पडताळायचं कसं?' उल्हासच्या डोक्यात तो प्रश्न पुन्हा वाजला.

त्याला शाळा आठवली. फळा भरला की सर खडू खाली ठेवायचे, वर्गाच्या पार मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसायचे आणि तिथून स्वतःचंच अक्षर निरखायचे. दिसलं नाही तर येऊन पुसायचे, पुन्हा लिहायचे. पोरं तोंड लपवून हसायची. सगळ्यांत जास्त हसायचा तो पहिल्या बाकावरचा उल्हास. त्याला सगळं दिसायचं.

शेवटचा बाक...

त्याने झोपाळ्यावरच्या उपड्या मोबाइलकडे पाहिलं. मग सरांकडे.

"दोन्ही वेळा तुम्हीच?"

"दोन्ही वेळा."

"पण सर, मुंग्यांचं खरं आहे ना?"

"मी पाहिलंय."

"तरी काढलंत?"

"तू पाहिलंयस?"

...

उल्हासने लव खोडली. मग मान वर केली तेव्हा नाकाच्या शेंड्याची लाली गेली होती आणि जबडा घट्ट झाला होता.

"उद्या सकाळी मुलांना घेऊन सड्यावर जातो. मीही पालथा पडतो. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, लागतील तितकी वर्षं. नीट छापून आणतो, कुणालाही ताडून बघता येईल असं. मगच ते वाक्य परत घालीन."

सरांनी मान हलवली.

उल्हासने चपला घातल्या. दोन पावलं चालला आणि तिथेच अडला.

"पण सर, याला किती पावसाळे लागतील कोण जाणे. आणि तोवर तुम्ही..."



सरांनी पायाने झोपाळ्याला हलकासा रेटा दिला.

"मुंग्या असतील."