लेकरामागून चालायची वाट

उंबरसड्याच्या खाली वाघजाई देवीची राई आहे. वरचा कातळाचा सडा वैशाखात तव्यासारखा तापतो, पण राईतून वहाळाच्या काठाने झऱ्याकडे जाणारी वाट भर दुपारीही गार असते. मे महिन्यात शहरातली माणसे लेकरांना घेऊन इथे चालायला येतात. राईच्या तोंडाशी देवीचे म्हातारे गुरव, तातू, त्यांना अडवतात.

"अहो, पोरगी पुढे. तुम्ही मागनं."

"तिच्या चालीने गेलो तर संध्याकाळ होईल, काका."

"होऊ दे की. झरा काय पळून जातोय?"

मग काठी टेकून ते आवडी नावाच्या बाईची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, राईत शिरले की मागे वळून पाहायचे नाही असा नियम होता. मागचे सगळे देवीने बघायचे. आवडी माहेरी निघाली होती. सड्यावरून गेली असती तर चार वर्षांच्या चंद्रीचे पाय भाजले असते, म्हणून तिने वहाळाची वाट धरली. पाचोळ्यात जनावर, म्हणजे साप, असायचे. काठी आपटत, डोक्यावर बोचके घेऊन ती पुढे झाली. तिच्यामागे आठ वर्षांचा भिवा, शेवटी चंद्री. भीती समोरून येते, असेच तेव्हा सगळे धरून चालत. वळायचे नाही, म्हणून ती दर वळणावर नावे घेई आणि उत्तर ऐकून पुढे जाई.

"भिवा!"

"ओ!"

"चंद्रे!"

"काय गो?"

"काय गो काय? आयेला ओ द्यावी. कितीदा सांगितलं तुला?"

"काय गो?" चंद्री मुद्दाम म्हणाली आणि भिवा खिदळला.

पुढे झाडी दाट झाली. किरकिरे किडे एकाएकी गप्प झाले. आवडीने हाक मारली. भिवाने ओ दिली, आणि त्याच्या मागून दुसरी ओ आली. स्वच्छ, शहाण्या मुलीसारखी. आवडीला बरे वाटले. शिकली एकदाची! पुढच्या वळणावर तशीच ओ आली. त्यापुढच्या वळणावरही. तेव्हा मात्र ती थबकली. लागोपाठ तीनदा आईचे ऐकेल, अशी चंद्री नव्हती.

"भिवा, तिची पावलं ऐकू येतात काय रे?"

भिवाने थांबून कान दिला. मग हळूच म्हणाला, "नाय गो आये."

आवडी वळली. देवीचा नियम मोडून वळली, असे सांगतात, आणि डोक्यावरचे बोचके वहाळात गेले. भिवाच्या मागे वाट रिकामी होती.

"चंद्रे!"

"ओ." रिकाम्या वाटेवरून. अगदी चार हातांवरून.

तिने तोंडात पदर कोंबला. हाक मारली की ते उत्तर देणार, आणि त्या उत्तराखाली लेकराचा आवाज बुडणार. भिवाचे मनगट धरून ती उलटी धावत सुटली. मनात एकच घोकत होती: आई वाघजाय, मागे बघितलं ते मी. काय घ्यायचं ते माझं घे. या वाटेवर पुन्हा कुणाच्या पाठीमागं लेकरू चालणार नाही.

मागच्या तिसऱ्या वळणाशी डोह होता. चंद्री छातीइतक्या पाण्यात उभी होती आणि आणखी एक पाऊल टाकत होती. आवडीने तिला झडप घालून उचलले. पोर रडत नव्हती. डोहाच्या मधोमध बोट दाखवून तिने विचारले, "आये, तू तिकडनं हाक मारत होतीस ना?"

आवडीने चंद्रीला पुढे घातले, तिच्यामागे भिवा, शेवटी आपण, आणि एक शब्दही न बोलता राई ओलांडली. देवीने तिचे घ्यायचे ते घेतले, असे सांगतात. ती नीट बोले, हसे, भांडे. पण कुणाला लांबून नावाने बोलवायला गेली की गळ्यातून आवाज फुटत नसे. जन्मभर ती प्रत्येकापाशी उठून जात राहिली.

आजही या वाटेवर सर्वांत लहान लेकरू पुढे चालते आणि थोरले त्याच्या चालीने मागून. वळायची गरज पडत नाही. हाक कुणी मारत नाही, लेकरू डोळ्यांसमोरच असते. तरी एखाद्या दुपारी किरकिरे थांबतात आणि पाठीमागून ओ येते. त्या वेळी काय करायचे, हे तातू कुणाला शिकवत नाहीत. पुढच्या लेकराच्या खांद्यावर हात आपोआप जातो.